दारासमोरचे नाव

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण मराठीत इतकी रुळलेली आहे की, तीत दडलेली अट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मागच्याने शहाणे व्हावयाचे तर पुढच्याला ठेच नेमकी कोठे लागली, हे त्याला दिसावे लागते. तो दगड जागेवर असावा लागतो. कोणी तो रातोरात उचलून रस्ता सारखा करून टाकला, तर मागून येणाऱ्याच्या पदरी शहाणपण पडत नाही; रस्ता पहिल्यापासून असाच होता, एवढीच त्याची समजूत होते. युरोपातील शेकडो गावांच्या रस्त्यांवर गेल्या तीन दशकांत जे छोटे पितळी दगड बसविण्यात आले आहेत, त्यांच्यामागील विचार या म्हणीच्या फार जवळचा आहे. जर्मन भाषेतील त्यांचे नावही तेच सांगते. ‘श्टोल्परश्टाइन’ म्हणजे शब्दशः ठेच लागण्याचा दगड.

प्रत्यक्षात या दगडाने पायाला ठेच लागत नाही. तो फरसबंदीच्या पातळीतच बसविलेला असतो. सुमारे दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा काँक्रीटचा ठोकळा आणि त्याच्या माथ्यावर जडविलेला पितळेचा पत्रा, एवढाच त्याचा ऐवज. पत्र्यावरील अक्षरे हाताने एकेक ठोकून उठविलेली असतात. मजकूर मोजका असतो. आरंभी ‘येथे राहत होते’ असे शब्द, त्याखाली व्यक्तीचे नाव, जन्मवर्ष, अटकेची किंवा हद्दपारीची तारीख आणि शेवट जेथे झाला त्या ठिकाणाचे नाव: आउशविट्झ, थेरेझीनश्टाट, रिगा, मिन्स्क. एका कुटुंबातील चार माणसे नेली गेली असतील, तर त्या दारासमोर चार दगड शेजारीशेजारी असतात. त्यांवरील जन्मवर्षे वाचली की आई कोण, वडील कोण आणि मुले किती वर्षांची होती हे आपोआप कळते. वाचण्यासाठी जाणाऱ्या-येणाऱ्याला मान खाली घालावी लागते. स्मारकाने पाहणाऱ्याकडे एवढेच मागितले आहे.

कल्पनेचा उगम

हे काम सुरू करणारे शिल्पकार गुंटर डेमनिग. नाझी राजवटीने १९४० च्या मे महिन्यात कोलोन शहरातून रोमा आणि सिंती जमातींच्या सुमारे एक हजार लोकांना हद्दपार केले. या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९९० साली, डेमनिग यांनी त्या लोकांना ज्या रस्त्यांनी स्थानकाकडे नेण्यात आले, त्या रस्त्यांवर रंगाची रेषा ओढली. त्या वेळी त्या भागात राहणाऱ्या एका वृद्ध स्त्रीने त्यांना सांगितले की, या वस्तीत असले लोक कधी राहतच नव्हते. ती खोटे बोलत नव्हती. शेजारी कोण होते, याचीच तिला कल्पना नव्हती. डेमनिग यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. माणसे गेली ती गेलीच. पण ती येथे होती ही गोष्टही त्यांच्याबरोबर नाहीशी झाली, हे त्यांना त्या उत्तरातून उमगले.

१६ डिसेंबर १९९२ रोजी कोलोनच्या नगरगृहासमोर पहिला दगड बसला. रोमा व सिंती लोकांना आउशविट्झला धाडण्याच्या हिमलरच्या आदेशाला त्या दिवशी पन्नास वर्षे पूर्ण होत होती. १९९६ मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात काही दगड बसविले गेले, तेही नगरपालिकेची परवानगी न घेता. परवानग्या नंतर आल्या. पुढे ही चळवळ पंचवीसहून अधिक देशांत पसरली आणि मे २०२३ मध्ये एक लाखावा दगड न्यूरेंबर्ग शहरात बसला. ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारे १९३५ चे कायदे याच शहरात जाहीर झाले होते. आज बहुतेक दगड ज्यूंचे आहेत. पण रोमा, सिंती, अपंग, मनोरुग्ण, समलिंगी, राजकीय विरोधक आणि धर्मासाठी छळले गेलेले लोक यांचीही नावे त्यांत आहेत.

नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. हा आकडा शाळेच्या पाठ्यपुस्तकात येतो आणि परीक्षेत लिहिलाही जातो. परंतु साठ लाख माणसे मनासमोर उभी करणे कोणालाही शक्य नाही. आकडा जितका मोठा, तितके मन बधिर होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. जेरुसलेमच्या ‘याद वाशेम’ संस्थेने अनेक दशके खपून यांपैकी सुमारे ५० लाख नावे गोळा केली, त्यामागेही हेच कारण आहे. मात्र संग्रहालयातील यादी पाहावयाची तर मुद्दाम तेथे जावे लागते. दारासमोरचा दगड दूध आणावयास निघालेल्या माणसाच्याही वाटेत येतो.

छळाची हिशेबवही

या दगडांवरील तारखा इतक्या नेमक्या कशा, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. छळ करणाऱ्यांनीच त्या लिहून ठेवल्या आहेत. नाझींचा ज्यूविरोध हा नुसता रस्त्यावरच्या झुंडींचा उद्योग नव्हता. कारकून, करअधिकारी, बँक, लिलावदार आणि रेल्वे यांच्या रोजच्या कामकाजातून तो पार पाडला गेला. अर्थव्यवहाराच्या अंगाने पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते.

जर्मनीत १९३३ साली सुमारे पाच लाख ज्यू होते. म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. देश सोडून जाऊ पाहणाऱ्याला मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याएवढा ‘पलायन कर’ भरावा लागे. हा कर मुळात नाझींनी निर्माण केलेला नाही. मंदीच्या काळात भांडवल देशाबाहेर जाऊ नये म्हणून १९३१ मध्ये तो लावण्यात आला होता. नाझींनी त्याचे केवळ लक्ष्य बदलले. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली आणि दुकाने फोडण्यात आली. त्यानंतर दंड म्हणून शंभर कोटी मार्क वसूल करण्यात आले ते ज्यूंकडूनच. युद्धाच्या तोंडावर देश सोडणाऱ्याला रोख दहा मार्क बरोबर नेता येत. मे १९३९ च्या जनगणनेत प्रत्येक घराकडून एक जादा पत्रक भरून घेतले गेले. त्यात चार आजी-आजोबांपैकी ज्यू किती, हे लिहावे लागे.

हद्दपारी सुरू झाल्यावर प्रत्येक कुटुंबाला मालमत्तेचे विवरणपत्र भरावे लागे. त्यात बँकेतील ठेवी तर असतच. पण खुर्च्या किती, चादरी किती, पातेली किती, याचेही रकाने असत. २५ नोव्हेंबर १९४१ च्या वटहुकमाने असे ठरविले की, ज्यू माणसाने जर्मनीची सरहद्द ओलांडली की त्याचे नागरिकत्व संपेल आणि त्याची मालमत्ता सरकारजमा होईल. सरहद्द तो आपल्या इच्छेने ओलांडत नव्हता. सरकारच त्याला गाडीत घालून पलीकडे नेत होते. त्या गाडीचे भाडेही आकारले जाई. तिसऱ्या वर्गाचे, एकेरी प्रवासाचे, दर किलोमीटरला चार फेनिग. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट. आणि चारशेहून अधिक प्रवासी असल्यास सवलत. रेल्वेच्या दृष्टीने ती समूहसहल होती.

मागे राहिलेल्या घरातील सामानाचा लिलाव होई. हॅम्बुर्गसारख्या शहरात १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत असे लिलाव सतत चालू होते आणि सामान्य नागरिक त्यांत कपाटे, गालिचे, कपडे, भांडी विकत घेत होते. या खरेदीदारांपैकी बहुतेकांनी कोणावर हात उगारला नव्हता. त्यांना वस्तू स्वस्तात मिळाली आणि ती कोणाची होती हे विचारण्याचे त्यांनी टाळले. अन्यायाला गुन्हेगारांइतकीच लाभार्थींचीही गरज असते, हा या हिशेबवहीतून निघणारा निष्कर्ष आहे. त्याचबरोबर दुसरी एक गोष्ट घडली. जी कागदपत्रे माणसांना नाहीसे करण्यासाठी तयार झाली, त्यांच्याच आधारे आज शाळांतील विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आणि मोहल्ल्यातील रहिवासी ती माणसे पुन्हा शोधून काढीत आहेत. दगडासाठी अर्ज करणाऱ्याला घराचा पत्ता, जन्माची नोंद, हद्दपारीची यादी हे सारे जुळवावे लागते. एका दगडाचा खर्च सव्वाशे युरोंच्या आसपास येतो आणि तो बहुधा सरकार देत नाही. एखादी व्यक्ती, एखादा वर्ग किंवा एखादे मंडळ तो देते.

आक्षेप आणि उत्तरे

या स्मारकांवर आक्षेप नाहीत असे नाही. म्युनिक शहराने २००४ साली सार्वजनिक रस्त्यांवर असे दगड बसविण्यास मनाई केली आणि २०१५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. मनाईच्या बाजूने सर्वांत ठाम आवाज तेथील ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लट क्नोब्लोख यांचा होता. लहानपणी लपून राहून त्या स्वतः या संहारातून वाचल्या. ज्यांना जिवंतपणी तुडविले, त्यांची नावे पुन्हा लोकांच्या पायांखाली का घालावयाची, हा त्यांचा प्रश्न आहे. तो हलका नाही. पायरीखाली आपले नाव असावे ही संतांची नम्रता असू शकते. परंतु ती ज्याची त्याने पत्करावयाची असते, दुसऱ्याने त्याच्यावर लादावयाची नसते. म्युनिकने पुढे भिंतींवर आणि खांबांवर, डोळ्यांच्या उंचीवर, अशा पाट्या लावण्याचा मार्ग स्वीकारला.

या आक्षेपाला दगडांच्या समर्थकांचे उत्तर असे की, पितळ पावलांनी झिजत नाही, उलट उजळते. आणि ठिकठिकाणी शेजारीपाजारी वर्षातून एक-दोनदा गुडघे टेकून हे दगड घासून पुसून ठेवतात. वादात कोणती बाजू बरोबर याचा निकाल बाहेरच्याने देण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे, ती अशी की, नाव हवे आणि ते त्या घरापाशी हवे. मतभेद आहे तो फक्त उंचीचा.

दगड चोरीलाही जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्व जर्मनीतील त्साइत्स या छोट्या गावातील सर्व दहा दगड एका रात्रीत उखडून नेण्यात आले. गावाबाहेरच्या लोकांनीही वर्गणी पाठविली आणि दगड नव्याने बसविण्यापुरते पैसे सहज जमले. पितळेच्या दहा पत्र्यांना बाजारात फारशी किंमत येत नाही. चोरणाऱ्यांचा रोख किमतीवर नव्हता, हे उघड आहे.

मराठी मुलखातील धागे

मिरज-सांगलीच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते वाटते तितके दूर नाही. प्रथम एक गोष्ट अभिमानाने नोंदविण्यासारखी आहे. कोकण किनाऱ्यावरील बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू शतकानुशतके अलिबाग-पेण-रोहे परिसरात तेल गाळीत आले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. धर्मामुळे त्यांच्यावर कधी सामुदायिक छळाची वेळ आली नाही. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर अशी आहेत. ‘येथे राहत होते’ हे वाक्य मराठी आडनावाने एका प्रत्ययात सांगून टाकले आहे. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. पण कोकणातील गावाचे नाव त्यांच्याबरोबर तेथेही गेले.

हिटलरच्या राज्यातून निसटलेले काही ज्यू मुंबईस आले. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत १९३४ साली ‘ज्युइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली. हमीदार असल्याशिवाय व्हिसा मिळत नसे, त्यामुळे येणाऱ्यांची संख्या नेहमीच थोडी राहिली. त्यांत डॉक्टर होते, अभियंते होते, कलावंत होते. आकाशवाणीच्या प्रसारणाच्या आरंभी वाजणारी जी परिचयधून तीन-चार पिढ्यांच्या कानांत बसली आहे, तिचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वॉल्टर कॉफमन हे असेच मुंबईस आलेले ज्यू संगीतकार. व्हिएन्नाहून आलेले एमॅन्युएल श्लेसिंगर यांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांची चित्रे त्या चित्रांना कोणी विचारीत नसताना विकत घेतली.

तथापि आश्रयाच्या या कथेला दुसरी बाजू आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले जाताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना ‘शत्रुराष्ट्राचे प्रजाजन’ म्हणून अटकेत टाकले आणि त्यांची रवानगी तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला केली. त्यांत नाझी होते, तसे नाझींच्या तावडीतून सुटून आलेले ज्यूही होते. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने चौकशी करून अनेक ज्यूंची सुटका केली. पण पुढेही काहींची पाळी पुन्हा आली. पुरंदर किल्ल्यावर आणि सातारा येथे कुटुंबांसाठी छावण्या होत्या, आणि पुरंदरावर ज्यूही ठेवले गेले होते. बर्लिनमध्ये ज्याला ज्यू म्हणून हाकलले, त्याला येथे जर्मन म्हणून पकडले. कागदावर ज्याची जी ओळख लिहिली गेली, तिच्याप्रमाणे त्याचे भवितव्य ठरले.

याहून जवळचा धागा आटपाडीचा आहे. वॉर्सा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन १९३० नंतरच्या दशकात म्हैसूर संस्थानच्या नोकरीत बंगलोरला आले. ते निर्वासित नव्हते. हिंदुस्थानच्या ओढीने आले आणि येथलेच झाले. गांधीजींच्या वर्तुळात ते ‘भारतानंद’ या नावाने वावरत. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा जो प्रयोग केला आणि ज्यातून जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली, त्या प्रयोगात राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याबरोबर फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. तेव्हा औंध संस्थानात असलेल्या आणि आज सांगली जिल्ह्यात येणाऱ्या आटपाडीजवळ गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना भिंतीवाचून, शेतीच्या कामावर, कुटुंबासह राहू देणारी ‘स्वतंत्रपूर’ ही वसाहत उभी राहिली ती फ्रीडमन यांच्या कल्पनेतून. याच मुलखातील माडगूळ गावच्या ग. दि. माडगूळकरांनी त्या वसाहतीवरून कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. पुढील वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाचे पारितोषिक मिळाले. उत्तरायुष्यात फ्रीडमन यांनी मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे ‘आय अ‍ॅम दॅट’ या इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने १९७३ साली जगापुढे आणली.

हे घडत असताना त्यांच्या जन्मगावाचे काय झाले? युद्धापूर्वी वॉर्सात सुमारे साडेतीन लाख ज्यू होते. शहरातील जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस ज्यू होता. नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांना भिंतीआड कोंडण्यात आले आणि १९४२ च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या आत अडीच लाखांहून अधिक लोक ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठविले गेले. आटपाडीच्या माळावर तुरुंगाची भिंत काढून टाकण्याचा प्रयोग चालू होता, त्याच काळात वॉर्सात भिंत बांधली जात होती. आज ती भिंत जेथून जात होती, तेथे वॉर्साच्या पदपथांवर लोखंडी पट्ट्या बसविल्या आहेत आणि त्यांवर ‘घेट्टोची भिंत, १९४०-१९४३’ एवढेच लिहिले आहे.

वळीवडे: एक काळजीपूर्वक तुलना

मिरजेहून कोल्हापूरला जाणारी गाडी कोल्हापूर येण्याच्या थोडे आधी वळीवडे स्थानकावरून जाते. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध. त्यांची शाळा होती, चर्च होते, नाटके होत. छावणी उठल्यावर त्याच जागी फाळणीने घर गमावलेले सिंधी आले आणि गांधीनगर वसले. एका निर्वासिताने रिकामी केलेल्या खोलीत दुसरा निर्वासित राहावयास आला, अशी उदाहरणे जगात थोडी असतील.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. वळीवड्याचे पोलिश लोक हे हिटलरच्या ज्यूसंहाराचे बळी नव्हते. ते प्रामुख्याने कॅथलिक होते आणि १९४०-४१ मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरिया व कझाकस्तानात हाकलले होते. तेथून इराणमार्गे ते हिंदुस्थानात पोहोचले. त्यांच्या दुःखाला ज्यूंच्या दुःखाचे नाव देणे हा दोघांवरही अन्याय होईल. नेमकेपणा हीच जर पितळी दगडाची शिकवण असेल, तर ती येथेही पाळावयास हवी.

या छावणीची स्मृती मात्र दोन्ही देशांत जपली गेली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक आहे, सप्टेंबर २०१९ मध्ये वळीवड्यात स्मृतिस्तंभ उभारला गेला आणि वॉर्सातही कोल्हापूरचे नाव असलेला स्मृतिफलक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे फुले वाहिली. परदेशातील एका रस्त्याने कोल्हापूरचे नाव लिहून ठेवले आहे, कारण तेथील माणसे येथे राहत होती.

श्रेय आणि जबाबदारी

येथेच एक मोह टाळावा लागतो. बेने इस्रायल, मुंबईचे निर्वासित, आटपाडीचे फ्रीडमन, वळीवड्याचे पोलिश, ही सारी उदाहरणे एका माळेत ओवून ‘महाराष्ट्राने नेहमीच सर्वांना पोटाशी धरले’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पितळी दगड पाहुण्यांविषयी बोलत नाहीत. ते शेजाऱ्यांविषयी बोलतात. परक्याला आश्रय देणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु समाजाची खरी परीक्षा होते ती एखाद्या सकाळी शेजारचे दार ठोठावले जाते तेव्हा.

ही परीक्षा याच मुलखात ३० जानेवारी १९४८ नंतरच्या दिवसांत झाली. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे, वाडे, दुकाने जाळण्यात आली. हत्या करणाऱ्याची जात हा त्या कुटुंबांचा अपराध ठरला. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’मध्ये त्या दिवसांची कथा सांगितली आहे. या घटनेची युरोपातील संहाराशी बरोबरी करणे सर्वस्वी चूक ठरेल. तेथे एका राज्ययंत्रणेने वर्षानुवर्षे योजून एक संपूर्ण समाज नष्ट करण्याचा उद्योग केला. येथे काही दिवसांची जाळपोळ होती. त्याचप्रमाणे शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्त्यांचा हिशेब या जळिताच्या आठवणीने झाकलाही जाता कामा नये. तोही तितकाच, किंबहुना अधिक, थकलेला आहे. तुलना आहे ती प्रमाणाची नव्हे, विस्मरणाच्या रीतीची. कोलोनच्या त्या वृद्ध स्त्रीप्रमाणे ‘येथे असे काही झालेच नव्हते’ असे म्हणणारी पिढी आपल्याकडेही वाढते आहे आणि तीही खोटे बोलत नाही. तिला कोणी सांगितलेले नाही.

सांगितले जात नाही याचे कारण बहुधा सद्हेतूचे असते. जुन्या जखमा उकरल्या की नवे वैर वाढते, अशी भीती असते. भीती निराधार नाही. स्मृतीचा वापर सूड पेटविण्यासाठी करणाऱ्यांची कमतरता कोणत्याच देशात नाही. परंतु या संदर्भात पितळी दगडांचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. दगडावर मारणाऱ्याचे नाव नसते. त्यावर कोणत्या समाजाने काय केले हेही लिहिलेले नसते. असते ते फक्त राहणाऱ्याचे नाव आणि तो केव्हा, कोठे नेला गेला याची नोंद. बाकी सर्व वाचणाऱ्यावर सोडलेले असते. समूहाच्या नावाने केलेली स्मृती नव्या समूहाला चिथावते. एका माणसाच्या नावाने केलेली स्मृती तो माणूस कोण होता, काय करीत होता, हे विचारावयास लावते.

स्थळाशी स्मृती बांधून ठेवण्याची कला मिरजेला परकी नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. पण मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायन-वादनाचा उत्सव आजही होतो. त्यासाठी मोठा पुतळा लागला नाही. ते या गावात राहत होते आणि या जागी गात होते, एवढ्या आधारावर उत्सव चालत आला. हीच रीत इतर नावांच्या बाबतीत वापरण्यास काय हरकत आहे? स्वतंत्रपूरची कल्पना मांडणाऱ्या माणसाचा जन्म कोठे झाला आणि त्या वस्तीचे पुढे काय झाले, हे आटपाडीच्या शाळेतील मुलांना दोन ओळींत सांगता येईल. गांधीनगरच्या ज्या जागेत आधी पोलिश आणि मागून सिंधी राहिले, त्यांची दोन्ही नावे एका पाटीवर येऊ शकतील. १९४८ मध्ये जळालेल्या घरांच्या आणि त्याच रात्री कोणी कोणाला आपल्या माजघरात लपविले त्याच्याही हकिकती, त्या सांगू शकणारे थोडे वृद्ध हयात आहेत तोवर, नोंदवून घेता येतील. त्यांत ज्यांच्या घरचे आहेत त्यांची संमती आधी घ्यावी. म्युनिकच्या वादाने तेवढे तरी शिकविले आहे.

या कामाला निधीपेक्षा चिकाटी अधिक लागते. नगरपालिकेची जुनी घरपट्टीची पुस्तके, शाळांचे दाखला रजिस्टर, तहसील कचेरीतील दप्तर, जन्म-मृत्यूच्या नोंदी ही साधने प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. बऱ्याच ठिकाणी ती वाळवीच्या हवाली झालेली आहेत. जर्मनीत हे दप्तर उघडणारे बहुतेक जण इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. शाळेतील शिक्षक, नगरपालिकेतील कारकून आणि सुटीत काम हवे असलेले विद्यार्थी यांनीच पहिल्या याद्या केल्या. मिरज, सांगली, सातारा येथील महाविद्यालयांत दरवर्षी शेकडो विद्यार्थी प्रकल्पाच्या नावाखाली जुने प्रबंध उतरवून काढतात. त्यांपैकी दहा-वीस जणांना एकेक गल्ली वाटून द्यावी आणि गेल्या शंभर वर्षांत तेथे कोण कोण राहून गेले, कोणत्या कारणाने गेले, एवढे शोधून लिहावयास सांगावे. वाळवीने दप्तर संपविण्यापूर्वी हे काम सुरू होणे बरे.